टॉवेलची ऑर्डर आणि कोडातला करार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेल कारखानदाराला धंद्याचं विचारा. सुताचे भाव, विजेचं बिल, कामगारांची टंचाई असं सगळं सांगून झालं की गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते: माल गेलाय, पेमेंट अडकलंय. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. कायदा आहे, तक्रारीची सोयही आहे. पण पार्टी जुनी, पुढची ऑर्डर तिच्याकडूनच यायची, मग तक्रार करणार कोण?

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचं नाव निघतं ते अशा वेळी. पैसे आधीच एका जागी जमा करून ठेवायचे, माल पोचला की ते कारखानदाराला मिळणार, मध्ये ना बँक ना दलाल. माझ्या ओळखीच्या एका कारखानदारांनी हे कुठंतरी ऐकलं. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून त्यांनी मला धरलं. "हे ब्लॉकचेनचं प्रकरण आपल्या टॉवेलला लागतंय का रे?" त्यांचीच एक ऑर्डर घेऊन आम्ही ते करून बघायला बसलो. या लेखात तीच ऑर्डर घेऊन स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट कसं लिहितात, कसं चढवतात आणि कुठं फसतं ते सांगतो. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. व्यवहार कळत असला की पुरे.

म्हणजे नक्की काय?

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हे नाव निक साबो या अमेरिकी संगणकतज्ज्ञाचं, १९९० च्या दशकातलं. त्याने दिलेलं उदाहरण आजही चालतं: पैसे टाकले की थंड पेयाची बाटली देणारं मशीन. तुम्ही कोण, तुमची पत काय, याच्याशी मशीनला देणंघेणं नसतं. ठरलेली रक्कम पडली की माल बाहेर. करार त्या यंत्राच्या घडणीतच बसवलेला असतो.

सॉफ्टवेअरमध्ये असं यंत्र बनवायला तेव्हा एक अडचण होती. प्रोग्रॅम कुणाच्या तरी सर्व्हरवर चालणार, आणि ज्याचा सर्व्हर तो रात्रीत नियम बदलणार. २००९ मध्ये बिटकॉइन आलं आणि कुणा एकाच्या ताब्यात नसलेली नोंद कशी ठेवायची हे दिसलं. अशा नोंदीलाच ब्लॉकचेन, किंवा नुसतं साखळी, म्हणतात. पण बिटकॉइनवर मोठे प्रोग्रॅम चालवायची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती. ती सोय करणारा इथेरियमचा आराखडा विटालिक बुटेरिन या तरुणाने २०१३ च्या शेवटी मांडला, आणि ३० जुलै २०१५ ला इथेरियम सुरू झालं.

इथेरियमवर दोन प्रकारची खाती असतात. एक माणसाचं, ज्याची गुप्त किल्ली त्या माणसाकडे असते. दुसरं कॉन्ट्रॅक्टचं. त्याच्या नावावरही पैसे राहू शकतात, पण त्याची किल्ली कुणाकडेच नसते. त्या खात्यातून पैसे बाहेर पडायचे तर त्याच्या कोडात लिहिलेल्या वाटेनेच पडतात. सगळी जादू म्हणा, सगळी भीती म्हणा, ती एवढ्यातच आहे.

हा कोड जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर चालतो. प्रत्येक कॉम्प्युटर तोच हिशोब करतो आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत जुळावं लागतं. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टला स्वतःहून इंटरनेटवर जाऊन काही बघता येत नाही. एका कॉम्प्युटरला वेबसाइटवर एक भाव दिसला आणि दोन सेकंदांनी दुसऱ्याला वेगळा दिसला, तर उत्तर जुळणार कसं? ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे ती टॉवेलच्या आड येणार आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट 'आपोआप' चालतं असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. ते खरं नाही. पंधरा दिवस उलटले म्हणून कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून जागं होऊन पैसे पाठवत नाही. कुणीतरी व्यवहार पाठवून त्याला हलवावं लागतं, मग ते बघतं की मुदत उलटली आहे का, आणि उलटली असेल तर पैसे सोडतं. 'आपोआप' म्हणजे इतकंच, की त्या क्षणी कुणाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

अण्णांच्या अटी

ऑर्डर अशी: ५०० डझन टॉवेल, ४५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजन), पार्टी बाहेरच्या राज्यातली, पहिल्यांदाच माल घेणारी. अण्णांनी लेटरपॅड उलटं केलं आणि अटी सांगायला सुरुवात केली.

"पार्टी पैसे भरेल. मी माल पाठवेन. माल मिळाला की तिने बटण दाबायचं, पैसे माझ्याकडे. झालं की!"

"आणि तिने बटण दाबलंच नाही तर?"

"का नाही दाबणार?"

"अण्णा, आत्ता तुमचं पेमेंट का अडकतंय?"

अण्णा हसले आणि खाली दुसरी अट लिहिली. माल पाठवल्याची नोंद झाल्यापासून १५ दिवसांत पार्टीने हरकत घेतली नाही, तर अण्णांना पैसे काढून घेता येतील. मग त्यांनाच सुचलं: "आणि मी गठ्ठे गोदामातच ठेवून 'पाठवला' म्हणून दाबलं तर?" धंद्यात मुरलेल्या माणसाला पळवाटा शिकवाव्या लागत नाहीत. म्हणून तिसरी अट. पार्टीने हरकत घेतली की पैसे थांबतील आणि दोघांनी आधीच ठरवलेल्या लवादाकडे जातील. तिघांपैकी कुठल्याही दोघांचं एकमत झालं की त्याप्रमाणे पैसे सुटतील.

लवादाने फोन उचलायचंच बंद केलं तर? तो वारला, किंवा त्याची किल्ली हरवली तर? आणि पार्टी अडून बसली तर? कागदावरच्या करारात अशा वेळी कोर्ट असतं. इथे कोडात वाट नसेल तर पैसे कायमचे अडकून पडतील, पार्टीलाही परत नाहीत आणि अण्णांनाही नाहीत. म्हणून चौथी अट: हरकतीनंतर ९० दिवसांत काहीच ठरलं नाही, तर रक्कम दोघांत निम्मी. अण्णांना हे पटलं नाही. मलाही फार न्याय्य वाटत नव्हतं. पण काहीतरी लिहिणं भाग होतं. शिवाय निम्म्यावर सुटेल हे दिसत असलं, की अप्रामाणिक माणूस मुद्दाम घोळ घालून निम्मे पैसे वाचवू बघेल, हाही धोका उरलाच.

खरी गंमत पुढे झाली. मी विचारलं, माल ५०० ऐवजी ४८० डझनच गेला तर? अण्णांचं उत्तर तयार होतं. "त्यात काय, पुढच्या बिलात वळतं करू."

सोलापूरच्या बाजारात रोज हजारो व्यवहार याच वाक्यावर चालतात. वीस डझन कमी गेले, चार गठ्ठे भिजले, रंग जरा फिका आला, की फोन होतो, थोडी बाचाबाची होते आणि पुढच्या बिलात वळतं होतं. कोडाला ते कळत नाही. त्याच्यापुढे एक तर माल पोचला किंवा नाही पोचला. कमी मालाची वाट हवी असेल तर तीही आधीच आखायला हवी: किती कमी चालेल, रक्कम कशी कापायची, आकडा कुणी टाकायचा, त्याला मान्यता कुणाची. लेटरपॅडची मागची बाजू भरली, दुसरा कागद घेतला. कोडाची एक ओळही अजून लिहिली नव्हती. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट बनवण्यातलं सगळ्यात अवघड काम हेच, आणि ते प्रोग्रॅमरला एकट्याला जमण्यातलं नाही.

अटींचा कोड

इथेरियमवर बहुतेक कॉन्ट्रॅक्ट सॉलिडिटी या भाषेत लिहितात. जावास्क्रिप्ट येणाऱ्याला ती ओळखीची वाटेल, आणि तिथेच तो गाफील राहील.

आमच्या सौद्यात सुरुवातीला काही गोष्टी नोंदवल्या: घेणाऱ्याचा पत्ता (पत्ता म्हणजे साखळीवरचा खाते क्रमांक), देणाऱ्याचा पत्ता, लवादाचा पत्ता, रक्कम, मुदत आणि सौद्याची सध्याची अवस्था. अवस्था ठरावीकच: नवा, पैसे जमा, माल रवाना, हरकत, पूर्ण, रद्द. मग प्रत्येक बटणासाठी एक फंक्शन, म्हणजे तेवढं एक काम करणारा कोडाचा तुकडा. फंक्शनच्या तोंडाशीच तपासण्या बसतात. 'माल पाठवला' हे फक्त अण्णांच्याच पत्त्यावरून दाबता आलं पाहिजे, आणि तेही अवस्था 'पैसे जमा' असतानाच. यासाठी सॉलिडिटीत 'रिक्वायर' असतं. त्याची अट पुरी झाली नाही तर अख्खा व्यवहार घडलाच नाही असं धरून सगळं पूर्ववत होतं. फक्त तोवर लागलेली फी जाते, ती परत मिळत नाही.

पैशांत दशांश नसतो, हे नवख्याला चटकन लक्षात येत नाही. इथर हे इथेरियमचं चलन. एक इथर म्हणजे एकावर अठरा शून्यं एवढे वेई, आणि सगळे हिशोब वेईच्या पूर्णांकांत. अडीच टक्के दलाली काढायची तर रकमेला २५० ने गुणून १०,००० ने भागायचं. क्रम उलटा करून आधी २५० ला १०,००० ने भागलंत, तर पूर्णांकात उत्तर शून्य येतं आणि दलाल आयुष्यभर तुमच्या नावाने शंख करतो. आकडा मावेनासा झाला की तो गुपचूप शून्यावर येण्याचा जुना दोष मात्र सॉलिडिटीच्या ०.८ या आवृत्तीपासून भाषेनेच अडवला आहे. ही आवृत्ती डिसेंबर २०२० ची.

आता एक दोष जवळून बघू, कारण या सगळ्या क्षेत्राला त्याने धडा शिकवला. समजा ठरलेल्या तारखेपर्यंत अण्णांनी माल पाठवलाच नाही, तर पार्टीला परतावा मागता यावा म्हणून फंक्शन लिहिलं. मराठीत उतरवलं तर ते असं दिसेल:

मागणाऱ्याची शिल्लक शून्यापेक्षा जास्त आहे का, बघा.
तेवढे पैसे मागणाऱ्याला पाठवा.
मागणाऱ्याची शिल्लक शून्य करा.

वाचताना काही खटकत नाही. पण मागणारा माणूस नसून दुसरं एक कॉन्ट्रॅक्ट असू शकतं, आणि कॉन्ट्रॅक्टला पैसे मिळाले की त्याचा कोड जागा होतो. त्या कोडात 'पैसे आले की लगेच पुन्हा परतावा माग' असं लिहून ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या ओळीवर असतानाच फंक्शन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतं. तिसरी ओळ अजून आलेलीच नाही, म्हणजे शिल्लक जशीच्या तशी. पुन्हा पैसे, पुन्हा मागणी. कॉन्ट्रॅक्टमध्ये एकट्या त्याचेच पैसे असते तर फरक पडला नसता. पण शेकडो लोकांचे पैसे एकत्र असतील, तर एकच जण सगळ्यांचे उपसून नेतो.

१७ जून २०१६ ला नेमकं हेच झालं. 'द डाओ' नावाच्या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर असेच काढले गेले. पुढच्याच महिन्यात, २० जुलैला, बहुसंख्यांनी इथेरियमचीच नोंद फिरवून ते पैसे परत मिळवून दिले. ज्यांना हे तत्त्वाविरुद्ध वाटलं ते जुन्या नोंदीवरच राहिले, आणि ती साखळी इथेरियम क्लासिक या नावाने आजही चालू आहे. कोड हाच कायदा म्हणणाऱ्यांची पहिली मोठी परीक्षा आली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी माणसांचा निर्णय मानला, हे मला फार बोलकं वाटतं. अर्थात तुमच्या-आमच्या टॉवेलसाठी कुणी साखळी फिरवणार नाही.

उपाय किती साधा, बघा: दुसरी आणि तिसरी ओळ अदलाबदल करा. आधी शिल्लक शून्य, मग पैसे. शिवाय पुन्हा आत शिरायला अटकाव करणारं कुलूप ओपनझेपेलिन या मोफत संग्रहात तयार मिळतं. मालकी, परवानग्या, टोकन (साखळीवरच नोंदलेली नाणी किंवा हक्क) अशा नेहमीच्या गोष्टींसाठीही तोच वापरावा. हजारो जणांनी पारखलेला कोड हाताशी असताना स्वतःचं डोकं चालवणं ही हौस महाग पडते.

चढवायच्या आधी आणि चढवताना

कॉन्ट्रॅक्ट ब्लॉकचेनवर चढवणं, म्हणजे डिप्लॉय करणं, हे काही मिनिटांचं काम. त्याआधीची तपासणी मात्र जितकी लांबेल तितकी लांबू द्यावी. हार्डहॅट किंवा फाउंड्री ही साधनं तुमच्याच लॅपटॉपवर एक खोटी साखळी उभी करतात आणि त्यावर कॉन्ट्रॅक्ट हवं तसं पिळून बघता येतं. तिथे घड्याळही पुढे सरकवता येतं. १५ दिवसांची मुदत संपल्यावर काय होतं ते बघायला १५ दिवस थांबावं लागत नाही, एका ओळीत पंधरवडा उलटतो. चौदाव्या दिवशी पैसे निघत नाहीत, सोळाव्या दिवशी निघतात, परक्या पत्त्यावरून कधीच निघत नाहीत, अशा चाचण्या लिहायच्या. नीट चालतंय हे दाखवणाऱ्या चाचण्यांपेक्षा वाकड्या वाटेने कुणी आलं तर अडतंय हे दाखवणाऱ्या जास्त असाव्यात.

मग सराव-साखळी. इथेरियमची 'सेपोलिया' ही खास अशा कामासाठी असलेली जाळी. तिथला इथर फुकट मिळतो आणि त्याला बाजारात किंमत नाही. पहिल्यांदा करून बघणाऱ्याने ब्राउझरमध्ये 'रिमिक्स' हे कोड लिहायचं साधन उघडावं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. कोड डकवला आणि कंपाइल केला की त्यातून दोन गोष्टी निघतात. एक बाइटकोड, म्हणजे साखळीवर चालणारं यंत्रभाषेतलं रूप. दुसरी एबीआय, म्हणजे कुठली फंक्शन्स आहेत आणि त्यांना काय माहिती द्यायची याची यादी. पुढे कुणी वेबसाइट किंवा मोबाइल ॲप बनवलं, तर ते या यादीवरूनच कॉन्ट्रॅक्टशी बोलतं.

अण्णांच्या ऑफिसात, मागे मागांचा खडखडाट चालू असताना, मी डिप्लॉयचं बटण दाबलं. मेटामास्क या वॉलेटची, म्हणजे गुप्त किल्ली सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची, छोटी खिडकी उघडली. नेहमीच्या व्यवहारात तिथे पैसे कुणाला जाणार त्याचा पत्ता दिसतो. इथे तो नव्हता. "कुणाला पाठवतोयस मग?" असं अण्णांनी बरोबर विचारलं. कुणालाच नाही. पत्त्याची जागा रिकामी आणि सोबत बाइटकोड, असा व्यवहार गेला की साखळी समजते, नवं कॉन्ट्रॅक्ट जन्माला घालायचं आहे. त्या वेळी कोडातलं 'कन्स्ट्रक्टर' हे फंक्शन एकदाच चालतं. घेणारा कोण, देणारा कोण, रक्कम किती हे तेव्हाच पक्कं होतं आणि नंतर ते फंक्शन पुन्हा कधी चालवता येत नाही. नव्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ताही यदृच्छेने मिळत नाही. चढवणाऱ्याचा पत्ता आणि त्याने आजवर केलेल्या व्यवहारांचा क्रमांक यांच्यावरून तो गणिताने निघतो.

इथेरियमवर दर १२ सेकंदांनी नव्या ब्लॉकची, म्हणजे व्यवहारांच्या नव्या जुडग्याची, पाळी येते. थोड्याच वेळात व्यवहार पक्का झाला आणि शून्य-एक्सने सुरू होणारा चाळीस अक्षरांचा पत्ता स्क्रीनवर आला. शेवटी इथरस्कॅन या साखळीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर मूळ कोड टाकून पडताळणी करायची. ती साइट आपला कोड पुन्हा कंपाइल करून साखळीवरच्या बाइटकोडशी जुळवते. कंपायलरची आवृत्ती किंवा ऑप्टिमायझरची सेटिंग वेगळी झाली तर जुळत नाही आणि बराच वेळ डोकं खाजवावं लागतं. पण हा टप्पा टाळू नये. पडताळणी नसेल तर पार्टीला तुमच्या अटी वाचता येत नाहीत, आणि न वाचता आलेल्या कोडात कुणी पैसे का अडकवावेत?

खऱ्या साखळीवर या सगळ्याला फी लागते, तिला गॅस म्हणतात. प्रत्येक सूचनेला ठरावीक गॅस. नुसते इथर पाठवायला २१,०००, कायमच्या नोंदीत नवी जागा भरायला २०,००० च्या वर. कॉन्ट्रॅक्ट चढवताना कोडाच्या दर बाइटला २०० लागतो. आकाराला कमाल २४,५७६ बाइटांची मर्यादा आहे ती वेगळीच. समजा आपलं कॉन्ट्रॅक्ट चढवायला १० लाख गॅस लागला आणि त्या क्षणी गॅसचा भाव २० ग्वेई असला. एक ग्वेई म्हणजे इथरचा शंभर कोटीवा भाग, तेव्हा फी झाली ०.०२ इथर. भाव १ ग्वेई असला तर तीच ०.००१. गर्दीप्रमाणे भाव खालीवर होतो. म्हणूनच लोक आर्बिट्रम, बेस, पॉलिगॉन अशा स्वस्त साखळ्यांवर जातात. सॉलिडिटीचा कोड तिथे बहुतेक जसाच्या तसा चालतो. नोंद नुसती वाचायला मात्र कुठेच पैसे पडत नाहीत.

किल्लीचं एक सांगून ठेवतो. सरावाचं वॉलेट आणि खऱ्या पैशांचं वॉलेट कधीही एक ठेवू नका, आणि गुप्त किल्ली कोडात लिहून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, टाकू नका. ती शोधत फिरणारे प्रोग्रॅम माणसापेक्षा जलद असतात. बारा शब्दांचा परवलीचा संच कुणी मागितला, मग तो स्वतःला कुठल्याही कंपनीचा म्हणवत असो, तर तो चोर समजा.

चढवल्यावर चूक सापडली तर?

चढवलेला कोड बदलता येत नाही. चूक सापडली तर नवं कॉन्ट्रॅक्ट चढवायचं आणि सगळ्यांना नवा पत्ता कळवायचा. यावर एक युक्ती वापरतात. लोकांना जो पत्ता दिलेला असतो तिथे एक पातळ कॉन्ट्रॅक्ट ठेवतात. ते स्वतः काही करत नाही, काम मागच्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवतं. मागचं बदललं तरी पुढचा पत्ता आणि पैसे तिथेच. याला प्रॉक्सी म्हणतात. सोय उत्तम आहे, पण मागचा कोड बदलायची किल्ली कुणाकडे तरी असणारच. म्हणजे ज्या मालकावर विश्वास ठेवायला नको म्हणून हा सगळा खटाटोप, तो मालक मागल्या दाराने पुन्हा आत आला.

सोपवण्याच्या या पद्धतीत आणखी धोका असतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या शेकडो वॉलेटांचं काम एका सामायिक कॉन्ट्रॅक्टवर चालत होतं. त्याला मालक नेमायची पायरी राहून गेली होती. एका वापरकर्त्याने ती पायरी चालवली, तो मालक झाला आणि त्याने ते कॉन्ट्रॅक्ट नष्ट करून टाकलं. त्यावर अवलंबून असलेल्या वॉलेटांतले पाच लाखांहून जास्त इथर जागच्या जागी गोठले.

टॉवेलचं घोडं कुठं अडलं

आमचं कॉन्ट्रॅक्ट सेपोलियावर व्यवस्थित चाललं. पैसे भरले, रवाना केलं, हरकत घेतली, लवादाने सोडवलं. मग अण्णांनी दोन प्रश्न विचारले.

पहिला: "हा भाव अजून कुणाला दिसतो?" सगळ्यांना. सॉलिडिटीत एखादी नोंद 'प्रायव्हेट' करता येते, पण त्याचा अर्थ इतकाच, की दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला ती वाचता येत नाही. साखळीच्या नोंदींत डोकावणाऱ्याला ती उघडी दिसते. शेजारच्या गाळ्यातल्या कारखानदाराला आपला डझनाचा भाव कळू द्यायला सोलापुरात कोण तयार होईल? कागदपत्रांचा फक्त हॅश, म्हणजे त्यांच्यावरून निघणारा ३२ बाइटांचा ठसा, साखळीवर ठेवता येतो. कागद नंतर कुणी बदलला तर ठसा जुळत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी पॉलिगॉनचा वापर सुरू झाला, त्यामागेही नंतर खाडाखोड झाली तर ती पकडता यावी हाच हेतू होता. पण जमा केलेली रक्कम तरी दिसणारच, आणि रक्कम दिसली की मालाचा अंदाज बांधणारे हुशार बाजारात कमी नाहीत.

दुसरा प्रश्न त्याहून वर्मी लागणारा होता. "टॉवेल ४५० जीएसएमचा आहे की ४०० चा, हे याला कसं कळणार?" कळणार नाहीच. माप काट्यावर होतं, आणि काटा साखळीच्या बाहेर आहे. बाहेरची माहिती आत आणणाऱ्या सेवांना ओरॅकल म्हणतात. डॉलरचा भाव, एखाद्या केंद्रावरचा पाऊस अशी माहिती अनेक ठिकाणांहून घेऊन पडताळता येते, चेनलिंकसारखी जाळी तेच करते. एका गठ्ठ्यातल्या टॉवेलची जाडी सांगायला मात्र माणूसच लागतो. ट्रान्सपोर्टवाल्याचा एलआर, म्हणजे त्याची पावती, फक्त गठ्ठे चढवल्याचं सांगतो, आत काय आहे ते नाही. म्हणजे फिरून विश्वास आला तो तपासणाऱ्यावर. पैशांचं कुलूप कितीही पक्कं असलं तरी किल्ली अखेर त्याच्या शब्दाला बांधलेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही बाजू एकमेकींना ओळखतात, मध्ये बँक किंवा वकील दोघांना चालतो, अशा व्यवहाराला ब्लॉकचेन लागत नाही. निर्यातीत लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रं दाखवली की पैसे देण्याची बँकेची हमी, हेच काम फार आधीपासून करत आलं आहे. काही कंपन्यांनाच मिळून एक नोंद ठेवायची असेल तर हायपरलेजर फॅब्रिकसारखी खाजगी व्यवस्था असते, तिथे भाव जगाला दिसत नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट शोभतं ते व्यवहारातली वस्तूच साखळीवर असेल तिथे. टोकनाच्या बदल्यात टोकन, तारण म्हणून टोकन, कर्जही टोकनातच. तिथे तपासायला काटा लागत नाही.

रुपयाचं काय? रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचा किरकोळ वापराचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ठरावीक कामासाठीच खर्च होईल असा रुपया आखण्याची सोय त्यात आणणार असल्याचं बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. अण्णांसारख्यांना पुढेमागे काही उपयोगाचं मिळालं तर ते त्या बाजूने मिळेल, असा माझा अंदाज आहे.

त्या दिवशीचे कागद मात्र वाया गेले नाहीत. हरकतीची १५ दिवसांची मुदत, कमी मालाची कापणी, लवाद कोण, या अटी अण्णांनी ऑर्डर फॉर्मच्या मागे छापून घेतल्या आहेत.

तरीही कुणाला खऱ्या पैशांवर करून बघायचंच असेल, तर कराचा आणि कायद्याचा हिशोब आधी करा. आपल्याकडे क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही. अशा मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून हस्तांतरावर १ टक्का टीडीएस आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यात वळता करता येत नाही. निर्यातीचे पैसे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत बँकेमार्फतच यावे लागतात. करार इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणाने तो रद्द ठरत नाही, ही तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये आहे. पण करार वैध कधी ठरतो ते अजूनही १८७२ चा करार कायदाच ठरवतो. त्यामुळे कोडासोबत साधा मराठी किंवा इंग्रजी करारनामा करून ठेवा. त्यात कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि कुठली साखळी ते लिहा, आणि कोड एक करतोय आणि कागद दुसरंच सांगतोय असं झालं तर दोघांपैकी कुणाचं खरं मानायचं, हे कलम वकिलाकडून न विसरता घालून घ्या.